‘नवी भट्टी’ म्हणजे नेमकी कोणती?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, ‘तू नक्की काय करतेस ते एकदाचं सगळ्यांसमोर सांगून टाक.’ माझ्या आईलाही ते अजून नीट कळलेलं नाही. ती शेजारीपाजारी ‘कारखान्यात कॉम्प्युटर बघते’ असं सांगते, आणि ते फारसं चुकीचंही नाही. कारखान्यात जागोजागी विखुरलेली माहिती एकत्र आणणं, तिचा एकमेकींशी मेळ घालणं, हे माझं काम.

गेली तीन वर्षं मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात हे करते आहे. तिथे गाड्यांच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट आणि गिअर बनतात. पोलाद तापवून ठोकायचं, मशीनवर कातायचं, मग भट्टीत सुमारे ९३० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि तेलात बुडवून कडक करायचं.

आता समजा, ग्राहकाकडून निरोप आला की एका शाफ्टला तडा गेलाय. पहिला प्रश्न येतो, या शाफ्टबरोबर भट्टीत आणखी कोणते नग होते? उत्तर लगेच मिळालं तर तेवढेच दोन-तीनशे नग बाजूला काढायचे. नाही मिळालं तर आठवड्याचा सगळा माल अडकवून ठेवायचा, कारण यातला कुठला शाफ्ट कुणाच्या गाडीत बसेल ते आपल्याला माहीत नसतं. मी तिथे गेले तेव्हा या उत्तराला तीन दिवस लागायचे. माहितीचा तुटवडा मुळीच नव्हता. भट्टीच्या संगणकात तापमान होतं, सीएनसी मशीनमध्ये नगांचा आकडा होता, गुणवत्ता विभागाच्या एक्सेलमध्ये कडकपणाची मापं होती, हिशेबाच्या ईआरपीत सगळी आवकजावक होती. फक्त यातलं कुणीच कुणाला ओळखत नव्हतं.

भट्टीत एका वेळी जो माल जातो त्याला भट्टीवाले ‘चार्ज’ म्हणतात, गुणवत्तावाले ‘लॉट’ म्हणतात आणि ईआरपीत ती ‘बॅच’ असते. तिन्हींचे नंबर वेगळे. एका भट्टीला सगळे ‘नवी भट्टी’ म्हणायचे. ती आली २००७ साली! तिच्यानंतर आणखी दोन भट्ट्या आल्या, पण नाव तिलाच चिकटलं. मेंटेनन्सच्या कागदांत ती ‘तीन नंबर’ आणि हिशेबात एक लांबलचक मालमत्ता क्रमांक. आपल्या ‘ब’ तुकडीत एकाच नावाच्या तीन मुली होत्या, आठवतं? एक वसतिगृहातली, एक बँकेतल्या साहेबांची आणि एक वेणीवाली. आपला गोंधळ कधी झाला नाही. पण शाळेत नवीन आलेल्या बाईंनी एकीची वही दुसरीला दिलीच होती. संगणक कायमच नवीन आलेल्या बाईंसारखा असतो. त्याला वेणी दिसत नाही.

नावांपेक्षा चिवट भानगड निघाली वेळेची. भट्टी चालवणारा जो छोटा संगणक असतो, ज्याला आम्ही पीएलसी म्हणतो, त्याचं घड्याळ सतरा मिनिटं मागे होतं. कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचं थोडं पुढे. माणसं मनगटावरच्या घड्याळाने चालत होती म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. शिवाय ‘दिवस’ म्हणजे काय, यावरही एकमत नाही. उत्पादन विभागाचा दिवस सकाळी सातला सुरू होतो, म्हणून रात्री अकरा ते सकाळी सातची तिसरी पाळी आदल्या दिवसात मोजली जाते. ईआरपीचा दिवस मात्र रात्री बारालाच उजाडतो! त्यामुळे महिनाअखेरीला दोन विभाग भांडायचे, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर असायचे.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर ते केव्हाच तयार आहे. यंत्रांनी एकमेकांशी बोलायची मॉडबस नावाची पद्धत १९७९ मधली, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही व्हायचा होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची माहिती एकाच रीतीने वाचता यावी म्हणून ओपीसी हे मानक आलं १९९६ साली, आपण दहावी झालो त्याच वर्षी. एमक्यूटीटी १९९९ मधलं. तेलाच्या पाइपलाइनींवरची माहिती उपग्रहामार्फत स्वस्तात पाठवता यावी म्हणून केलेलं. आम्ही तारा ओढून, हे सगळं जोडून चार महिन्यांत मोकळे झालो. नावं ठरवायला वर्षाहून जास्त लागलं.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता स्टोअर, मेंटेनन्स, गुणवत्ता, हिशेब आणि भट्टीवरचे सुपरवायझर एका खोलीत बसायचे. एक यादी आणि भरपूर चहा. मी एवढाच आग्रह धरला की ज्याचा त्या वस्तूला रोज हात लागतो, त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. ‘चार्ज’ हा शब्द राहिला. प्रत्येक भट्टीवर रंगाने नंबर लिहिला गेला. ‘नवी भट्टी’ आता तीन नंबर आहे. तोंडी मात्र अजून नवीच. चालेल, भिंतीवर तीन आहे ना!

पण खरी अडचण तिसरीच होती. तीन नंबरवर एक जुने ऑपरेटर होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. भट्टी कधी अडली, का अडली, तेल कधी जास्त गरम झालं, सगळं त्यात तारीखवार. संगणकात याच नोंदींसाठी चाळीसएक कारणांची यादी होती, आणि निम्म्याहून जास्त वेळा त्यात ‘इतर’ निवडलेलं असायचं. मी डायरी मागितली तेव्हा काका म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यात लिहिलेलं उद्या माझ्याच अंगावर आलं तर?’’

त्यांचं म्हणणं रास्त होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये आकडे वाचून माणसांना झापताना मी स्वतः पाहिलं होतं. ज्या आकड्यावरून आपण झापले जाणार, तो आकडा कुणी खरा भरत नाही. आणि खोटे आकडे एका जागी गोळा करून काय मिळणार? मी कारखान्याच्या प्रमुखांकडे गेले. थांबण्याच्या नोंदी दोन वर्षं कुणाच्याही पगारवाढीत किंवा मूल्यमापनात वापरायच्या नाहीत, असं लेखी मागितलं. त्यांना ते आवडलं नाही. तीन आठवड्यांनी पत्र निघालं. ते काकांनी दोनदा वाचलं, आणि नंतर कारणांची यादी त्यांनीच आम्हाला चाळीसवरून अकरावर आणून दिली. त्या अकरांत ‘क्रेन मिळाली नाही’ हे कारण होतं. आधीच्या चाळीसांत ते नव्हतंच. भट्टी रिकामी थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच निघालं!

आज त्या तडा गेलेल्या शाफ्टचं उत्तर दहा-पंधरा मिनिटांत मिळतं. माल अडकत नाही.

पत्राची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. वरून विचारणा आली आहे, ‘आता माहिती एवढी चांगली येतेच आहे, तर ऑपरेटरनिहाय तक्ता का काढत नाही?’ तो काढायला मला एक दिवस लागेल. मी नाही म्हणून सांगितलं आहे, आणि पुढच्या महिन्यात त्यावर बैठक आहे. काका मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी पंचवीस वर्षांची एक मुलगी आली आहे, आयटीआय झालेली. ती सगळं खरं भरते, कारण तिला तसंच शिकवलं गेलं. त्या बैठकीला मी तिलाही बोलवावं असं म्हणते आहे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि त्यांचं घड्याळ बरोबर आहे असं मी धरून चालते. राहिलेलं चहाच्या वेळी बोलू.