आधी भूक, मग भाकरी

पाहुणा दारात आला की आपण त्याला 'बसा जेवायला' म्हणतो. 'भूक आहे का?' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमानच! पण आयुर्वेदाला तोच प्रश्न आधी विचारावासा वाटतो. मी वैद्य नव्हे, कॉलेजात संस्कृत शिकवतो. चरकसंहितेकडे गेलो तो भाषेसाठी, आणि अडकलो पोटापाशी.

कारण घरचंच होतं. आमचे अण्णा निफाड तालुक्यातले शेतकरी. दिवस उगवायच्या आत रानात, न्याहारीला दोन भाकऱ्या, दुपारी तीन. मी नाशिकला खुर्चीवर बसू लागलो, पण ताट अण्णांचंच ठेवलं. वर चारदा चहा आणि रात्री दहाला जेवण. पस्तिशीतच पोट जड, आंबट ढेकरा, वर्गात जांभया. "अन्नात कस राहिला नाही," असं मी एकदा म्हणालो. अण्णा म्हणाले, "अन्नाला नावं ठेवू नको. आज घाम किती गाळलास ते सांग."

चरकाचं म्हणणं याहून फारसं वेगळं नाही. चिकित्सास्थानात ग्रहणी नावाच्या रोगाचा अध्याय आहे. त्याचा आरंभ रोगापासून होत नाही, अग्नीपासून होतो. बळ, कांती, उत्साह, आयुष्य हे सारं जठरातल्या अग्नीवर अवलंबून, असं तिथे सांगितलं आहे. हा अग्नी कुणाचा सम, कुणाचा विषम, कुणाचा तीक्ष्ण, तर कुणाचा मंद. चुलीत विस्तव कमी आणि वर ओलं लाकूड घातलं, तर काय होतं ते घरातल्या बाईमाणसाला विचारा. धूरच धूर! तसं न पचलेलं जे पोटात राहतं त्याला आयुर्वेद 'आम' म्हणतो, आणि पुष्कळ दुखण्यांचं मूळ तिथे शोधतो.

हा अग्नी ऋतूप्रमाणेही बदलतो. थंडीत तो प्रखर, पावसाळ्यात मंद. आता आपले सण आठवा. जानेवारीत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी. थंडीतलं पोट हे मागून घेतं. उलट आषाढात चातुर्मास लागला की खाणं हलकं. ज्या जिल्ह्यातला लासलगावचा कांदाबाजार देशभर ठाऊक, तिथेच कितीतरी घरांतून चार महिने कांदा बंद! मग चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य दाखवून वांगं-कांदा पुन्हा सुरू. यात धर्म किती आणि वैद्यक किती, या वादात मी शिरत नाही.

किती खावं? वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्यासाठी मोकळा. भाकऱ्यांचा आकडा मात्र दिलेला नाही. तो कसा देणार? सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली लावणाऱ्याचं पोट वेगळं, माझं वेगळं. आधीचं पचलं नसता वर खाणं, याला चरक 'अध्यशन' म्हणतो आणि ते वाईट मानतो. शुद्ध ढेकर, अंग हलकं, खरी भूक, ही पचल्याची खूण. घड्याळात एक वाजला, ही नव्हे. फार भराभर जेवू नये, फार रेंगाळूही नये, असंही तो सांगतो. गुरुजींनी मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा जरा पाहावं. खेळायला पळायच्या घाईत मुलं घास गिळतात, चावत नाहीत.

पण इथे एक सांगितलंच पाहिजे. सकाळपासून उपाशी आलेलं मूल वर्गात मान टाकतं, त्याला मंदाग्नी झालेला नसतो. त्याला भूक लागलेली असते. त्याला लंघनाचे गुण ऐकवू नयेत. भूक मारली की माणूस वाळतो, अशक्त होतो, त्याला भोवळ येते, हेही चरकानेच लिहून ठेवलं आहे. हलकं खाण्याचा उपदेश ज्याचं ताट भरलेलं आहे त्याच्यासाठी. आणि पोट महिना महिना दुखत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, तर ओवा-हिंगावर दिवस काढू नका. सरळ डॉक्टर गाठा.

माझ्यापुरतं म्हणाल तर रात्रीचं जेवण आठाच्या आत आणलं, एक भाकरी कमी केली, दुपारी ताक घेतो. ढेकरा थांबल्या. गावी गेलो की अण्णा माझ्या ताटाकडे बघतात आणि आईला हाक मारतात, "अगं, याला वाढ की अजून!"