हातबांधणीची वही : चामडे, चिंध्या आणि भाव

(विटा येथील विद्यार्थी व युवक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वयंरोजगारावर दोन शब्द बोलावेत, असा मला आग्रह झाला. या विषयावरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. पापड, मसाला, शिवणयंत्र, शेळीपालन ही यादी आता आपल्या सर्वांना पाठ आहे. मी आज एकच वस्तू सोबत आणली आहे. ही वही. बाहेर चामडे, आत हातकागद, शिलाई हाताची. ती मागच्या रांगेपर्यंत फिरवतो. उलगडून, वास घेऊन बघा.

आपल्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ सभासदांना मी ही वही दाखवली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली नाही. म्हणाले, "पुन्हा कातडंच का रे? बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं, ते तू पोरांच्या हातात देणार?" हा प्रश्न बाजूला सारून मला पुढे बोलता येणार नाही, म्हणून आधी त्याचेच बघू.

१९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन झाले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणातही बाबासाहेबांनी हा विषय पुन्हा काढला. ढोरे ओढणे सोडले तर कातड्याचे, शिंगांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब त्यांना ऐकवणारे लोक होते. एवढे उत्पन्न असेल तर ते तुम्हीच घ्या, असे त्यांचे उत्तर होते. त्या भाषणात त्यांनी पैशाच्या वर मान ठेवला. हे मी विसरलेलो नाही आणि आपणही विसरू नये. २०१६ साली गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना कशी मारहाण झाली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पण ढोर ओढणे हा धंदा कधी नव्हता. ती गावकी होती. तिला दर नव्हता आणि नकार देण्याची सोय नव्हती. ज्या कामाला 'नाही' म्हणता येते आणि ज्याचा भाव आपण सांगतो, त्याला धंदा म्हणतात. एवढा फरक माझ्या मते पुरेसा आहे. भगवंतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले पाच व्यापार शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचे आहेत. त्यात चामड्याच्या वस्तूचे नाव नाही. तरीही ज्याच्या मनाला चामडे पटत नाही, त्याने जाड सुती कापडाचे आवरण करावे. वही तीच राहते. त्या ज्येष्ठांचा मी आदर करतो, मात्र माझे मत मी बदललेले नाही.

आता माल कुठून आणायचा ते बघू.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत : कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. म्हणजे ही कला आपल्या दारातली आहे. तिचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या रसात कमावलेले असते. त्याला काही आठवडे लागतात. क्रोमच्या रसायनात हेच काम फार झटपट होते. वहीला सालीत कमावलेले चामडेच घ्यावे. ते ताठ राहते, त्यावर ठसा उमटतो आणि हाताळून हाताळून त्याचा रंग गडद होत जातो. ओळखायचे कसे? कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर सालीचे. मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचे.

चपला आणि पट्टे करणाऱ्यांकडे कात्रण उरते. ते स्वस्त पडते, आणि लहान वह्यांना, खुणेच्या पट्ट्यांना, जोडकामाच्या आवरणाला उत्तम. पण एक पथ्य पाळा. कात्रण फुकट मागू नका. चर्मकार बंधूंच्या घामाचे ते उरलेले आहे, वजन करून पैसे द्या आणि पावती घ्या. २०१५ च्या कायद्याने बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. म्हशीला ती लागू नाही. त्यामुळे चामडे कशाचे आणि कोणाकडून घेतले, याचा कागद फाईलला असलेला बरा. कागद जपून ठेवण्याची कारकुनाची सवय इथे कामी येते.

याच कायद्यानंतर मुंबईत धारावीच्या चर्मकारांचे काम घटले. तेव्हा सुधीर राजभर या कलाकाराने त्यांना सोबत घेऊन टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबरापासून पिशव्या करायला सुरुवात केली, आणि जे नाव शिवी म्हणून वापरले जाई तेच नाव उद्योगाला दिले : 'चमार स्टुडिओ'. म्हणजे चामड्याला पर्याय काढणारेही चामड्याचे कारागीरच. जुनी ट्यूब आपल्याकडेही पंक्चरच्या दुकानात मिळते. धुऊन, पुसून तिचे आवरण केले तर पावसातही वही भिजत नाही.

कागदाबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण इथे विट्याचा संबंध येतो. हातकागद लाकडापासून होत नाही, सुती चिंध्यांपासून होतो. चिंध्या निवडून, बारीक कापून, पाण्यात कुटून लगदा करतात. जाळीच्या साच्यावर तो उचलतात, दाबतात, वाळवतात. आपल्या राज्यात ही विद्या जुनी आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तिच्यावरच वसले आणि जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. १९४० साली पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने आणि के. बी. जोशी यांच्या खटपटीने हातकागद संस्था सुरू झाली. आपल्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, तर हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. त्या हिंदी प्रतीचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्राचा आहे. ज्या ग्रंथावर आपला जीव आहे, त्याच्या एका मूळ प्रतीत चिंध्यांचा कागद आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आणि चिंध्या तर आपल्या गावात पोत्याने आहेत. विटा यंत्रमागाचे गाव. मागाखाली पडणारा सुताचा गुंता, कापडाची काठ-कात्रणे हा सगळा कच्चा माल आहे. फक्त तो निव्वळ सुती हवा. एक धागा जाळून बघा. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि मऊ राख होते. टेरिलीन असेल तर वितळून कडक मणी होतो. तो मणी दिसला की ते पोते बाजूला ठेवा, त्याचा लगदा व्हायचा नाही.

टाकाऊतून मोल काढणे विटेकरांना शिकवावे लागत नाही. आपल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई बांधव देशभर पसरले ते सराफाच्या दुकानातली माती आणि राख धुऊन त्यातून सोने काढण्याच्या हुन्नरावर. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले, तेही कचऱ्याकडे नीट लक्ष दिल्यामुळे. मात्र कागद तयार करण्याचा कारखाना इथे लगेच काढा, असे मी म्हणणार नाही. त्याला पाणी फार लागते आणि आपला तालुका दुष्काळी. टेंभूचे पाणी आले म्हणून ते लगद्यात घालायचे नाही. चिंध्या विकाव्यात, तयार कागद विकत आणावा आणि बांधणी इथे करावी. साध्या वहीला तर कचेऱ्यांतले पाठकोरे कागदही चालतात. फक्त कोणाच्या नावाचे, खात्याचे कागद त्यात येणार नाहीत, एवढे बघा. बँकेतले कागद मात्र कोणी मागू नका, मिळणार नाहीत!

बांधणी सोपी आहे, पण घाई चालत नाही. समजा मधल्या आकाराची वही करायची. सहा ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की एक जुज होते. असे पाच जुज घेतले तर तीस ताव, साठ पाने, एकशे वीस पृष्ठे. दुमड कागदाच्या धाग्याच्या दिशेने घ्यावी. यंत्राच्या कागदात ही दिशा चुकली तर वही कधी सपाट उघडत नाही. हातकागदात हा त्रास कमी. जुजाच्या पाठीला आरीने भोके पाडायची, दोऱ्याला मेण चोळायचे आणि चामड्याच्या पाठीतूनच टाके घ्यायचे. पुठ्ठ्याची वही असेल तर खळ लागते. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला की झुरळ आणि कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. चामडे धारदार रापीने एका दमात कापावे. दोनदा फिरवलेल्या रापीची कड लगेच ओळखू येते.

विद्यार्थ्यांसाठी जाता जाता सांगतो. विजेच्या शास्त्राचा पाया घालणारा मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये सात वर्षे तो पुस्तकबांधणीची उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत होता. बांधणी करणाऱ्याने आतले वाचू नये, असा कुठे नियम नाही.

आता भाव. याच्यासाठी मी खरा उभा राहिलो आहे.

कर्ज मागायला येणाऱ्यांच्या कागदांत मी एक गोष्ट वारंवार पाहतो : स्वतःची मजुरी कोणी धरतच नाही. आकडे उदाहरणादाखल घेऊ. चामडे एक चौरस फूट, १२० रुपये. कागद ९०. दोरा, मेण, बंद २०. झाले २३०. हत्यारांची झीज, वीज, वाया गेलेला माल यांचे ४० धरा. आणि तीन तासांचे काम, तासाला ८० प्रमाणे २४०. एकूण ५१०. आता कोणी ही वही ४०० ला दिली तर मालाचे २३० सुटले म्हणून तो खूष होतो. प्रत्यक्षात ४०० मधून २७० गेले, उरले १३०. म्हणजे तासाला ४३ रुपये. आपल्याच हाताने आपण आपला दर पाडला. गावकीत दुसऱ्याने आपला दर ठरवला होता. इथे तर आपणच तो आणखी खाली नेतो.

दुकानदाराला द्यायची असेल तर त्याचे कमिशनही धरावे लागते. तो विक्रीच्या शंभरात चाळीस घेणार असेल, तर आपले ५१० सुटायला वहीवर ८५० लिहिले पाहिजे. गावात ८५० ला वही कोण घेईल, असे आपण म्हणाल. खरे आहे, गावात खपणार नाही. म्हणून दोन माल करावेत : पाठकोऱ्या कागदाची, कापडी आवरणाची स्वस्त वही शाळा-कॉलेजसाठी, आणि चामड्याची वही पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांसाठी, लग्न-निरोप समारंभांच्या भेटींसाठी. चामड्याच्या वहीवर करणाऱ्याचे नाव आणि 'विटा' हे ठशाने उमटवा. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर, प्रेरणा भारतीय पादत्राणांची आहे हे त्यांनी मान्य केले. मानांकन होते म्हणून ओरड करायला आधार मिळाला.

भांडवलाचे म्हणाल तर सुरुवातीला आरी, रापी, सुया, मोजपट्टी आणि एक दाबयंत्र एवढेच लागते. दाबयंत्र नसेल तर दोन फळ्या आणि पाटा चालतो. पहिल्या पन्नास वह्या होईपर्यंत कर्ज काढू नका, हे मी बँकेचा माणूस असूनही सांगतो. पुढे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज करता येतो. तिथे अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात प्रकल्पाच्या ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे. बौद्ध असल्याने जातीच्या दाखल्यावर काय लिहिले आहे हे आधी तपासून घ्या. ऐनवेळी तिथेच अडते. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत चर्मकार आहेत, पण पुस्तकबांधणीवाला नाही. हा एकोणिसावा व्यवसाय घालावा, असा ठराव आपण संस्थेतर्फे करून पाठवावा, अशी माझी सूचना आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात ज्यांना शिकायचे आहे त्यांनी यावे. घरातले पाठकोरे कागद आणि एक जाड सुई आणावी. रापी आणि चामडे मी आणीन. मागे फिरवलेली वही मात्र आता पुढे पाठवा, तिचे गिऱ्हाईक ठरलेले आहे.

जयभीम.