पिकअपच्या मागच्या अॅक्सलमधून ऑइल गळतंय?



आज गाडीबद्दल बोलायचंय. "गाडीचं बघायला ड्रायव्हर आहे की," असं काही जणी म्हणतील. पण आता कितीतरी बचत गटांनी मिळून पिकअप घेतल्या आहेत. भाजी बाजाराला जाते, दुधाचे कॅन जातात, पापड-मसाल्याचे खोके प्रदर्शनाला जातात. हप्ता आपण भरतो, डिझेलचा हिशेब आपण लिहितो. मग दुरुस्तीचं बिल आल्यावर नुसती सही का करायची? कशासाठी करतोय तेही कळायला हवं.

मागची दोन चाकं ज्या लोखंडी नळीने जोडलेली असतात, तो मागचा अॅक्सल. त्याच्या मधोमध एक गोल पोट दिसतं. त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून तिथे येते आणि आतले दात्यांचे गिअर ती दोन्ही चाकांना वाटून देतात. हे गिअर जाड ऑइलमध्ये फिरतात. ऑइल बाहेर येऊ नये म्हणून जागोजागी रबराचं सील आणि पॅकिंग असतं. ते झिजलं, कडक झालं, की गळती सुरू.

ती शोधायला पाना लागत नाही, जुना पुठ्ठा लागतो. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा आणि अॅक्सलखाली पुठ्ठा अंथरा. चाकं कुठे आहेत ते त्यावर पेनने लिहा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग मधोमध, पण शाफ्टच्या बाजूला असेल, तर पिनियनचं सील. पोटाखाली असेल तर पॅकिंग किंवा ऑइल सोडायचा नट. आणि चाकाजवळ असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ असेल, तर चाकाकडचं सील गेलंय.

चाकाजवळचा डाग असला तर बोटाने चोळून बघा. गिअर ऑइल जाड असतं, त्याला उग्र वास येतो. डाग पातळ असेल आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली असेल, तर ते ब्रेक ऑइल आहे. मग गाडी जागची हलवू नका, मिस्त्रीला तिथेच बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला मागे ड्रमचे ब्रेक असतात. चाकाकडचं सील गेलं की ऑइल थेट त्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेकचे लायनर भिजतात. भिजलेला लायनर नीट धरत नाही. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, थांबायला जास्त अंतर लागतं. रिकाम्या गाडीत हे चटकन लक्षात येत नाही. माल भरून घाट उतरताना लक्षात येतं, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून "थोडं थोडं गळतंय, ऑइल टाकत राहू," हे चाकाच्या गळतीला अजिबात चालत नाही.

भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती मान्य करू नका. लायनरमध्ये मुरलेलं ऑइल तापल्यावर पुन्हा वर येतं. लायनर नवेच टाकायचे, आणि दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक कमीजास्त लागतात.

सील बदललं आणि महिन्याभरात परत गळायला लागलं, अशीही तक्रार येते. त्याची कारणं बहुधा दोन. एक म्हणजे ब्रीदर. अॅक्सलच्या वरच्या बाजूला हवा सोडणारी एक छोटी टोपी किंवा नळी असते. चिखल-मातीने ती बुजली, की तापलेली हवा आत कोंडते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. कुकरची शिटी बुजल्यासारखंच. साफ करायला पाच मिनिटं पुरतात. दुसरं कारण बेअरिंग. ते सैल असेल तर शाफ्ट हलतो आणि नवं सीलही लवकर झिजतं.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर दादांना चार प्रश्न विचारा. ब्रीदर साफ केला का? बेअरिंगमध्ये खेळ आहे का? सील जिथे घासतं तिथे शाफ्टला चर पडलीय का? लायनर भिजलेत का, मला दाखवता का? पिनियनचं सील बदलायचं असेल तर आणखी एक: नट किती आवळायचा याचं माप पाळणार ना? तो जास्त आवळला तर बेअरिंग खराब होतं. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. जुने सुटे भाग परत मागून घ्या.

काम झाल्यावर ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. पातळी बघायची तर गाडी सपाट जागेवर हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की बस. कमी पडलं तर गिअर घूंऽऽ आवाज करतात, तापतात, शेवटी तुटतात. सील काही शेकड्यांत येतं, गिअरचा सेट हजारोंत जातो. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला.

शेवटचं काम वहीतलं. गटाच्या मासिक सभेत हप्त्याचा विषय निघतो, तसा गाडीचाही काढा. तारीख, किलोमीटर, काय गळत होतं, काय बदललं, किती खर्च आला, एवढ्या पाच गोष्टी लिहा. आणि ड्रायव्हर दादांनी "ताई, मागनं गळतंय," असं सांगितलं तर खर्चाच्या भीतीने पुढच्या बाजारापर्यंत ढकलू नका. ती गाडी ते चालवतात, शेजारी आपलीच एखादी मावशी बसलेली असते.

या आठवड्यात पुठ्ठा अंथरून बघा. डाग नसेल तर आनंदच आहे. असेल तर कुठे आहे ते वहीत लिहा आणि मगच गॅरेजला जा.