दार कोणी लावायचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात 'नोकरी आणि संसार' असा काहीतरी विषय असावा. मी म्हटले, "मी दार लावण्याविषयी बोलेन." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. परंतु सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे काढून २०११ साली मी घरी बसले, आणि एवढ्या वर्षांत मी शिकलेली सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दार लावणे हीच होय. आपल्या मंडळातील कितीतरी जणी पोस्टात, दवाखान्यात, ग्रंथालयात, पंचायतीत, अंगणवाडीत काम करतात. जिथे कोणीही केव्हाही आत येऊ शकतो, अशीच ही ठिकाणे आहेत, आणि ती तशीच असली पाहिजेत. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

'लॉकडाऊन' हा शब्द २०२० च्या मार्चमध्ये आपल्या घराघरांत शिरला. त्या वेळी दुकाने, शाळा, रस्ते बंद झाले. मी बोलते आहे तो त्याच शब्दाचा दुसरा अर्थ. इमारतीत एखादा माणूस हत्यार घेऊन शिरला, तर आतल्या लोकांनी पळापळ न करता जवळच्या खोलीत जावे, दार आतून लावावे, दिवे मालवावेत, शांत बसावे आणि पोलिसांना कळवावे, ही ती रीत. ऐकायला किती सोपी! आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते.

२००६ सालची गोष्ट. आमच्या कचेरीत एक मनुष्य कोयता घेऊन आला. जमिनीच्या नोंदीचे त्याचे काम पुष्कळ महिने रखडले होते. त्याने येऊन आरडाओरडा केला, टेबलावर कोयता आपटला, आणि आमच्या शिपायाने त्याला अडवताच त्याच्या हातावर वार केला. आम्ही सात-आठ जणी आणि दोन कारकून दप्तरखान्यात धावलो. दाराशी सर्वांत शेवटी मी होते, म्हणून कडी माझ्या हाताने लागली. हे कोणी मला सांगितलेले नव्हते. जो शेवटी आला, त्याच्या वाट्याला ते आले, इतकेच.

मिनिटभराने दारावर थापा पडल्या. "बाई, मी आहे, मी आहे." आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या, सर्वांना पाणी देणाऱ्या मावशींचा तो आवाज होता. माझा हात कडीवर होता. मागून कोणीतरी म्हणाले, "उघडू नका, तो तिच्या मागेच असेल." कोणी म्हणाले, "उघडा." मी उघडले नाही.

भगिनींनो, मावशींना काही झाले नाही. त्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसल्या. कामासाठी आलेल्या गावकऱ्यांनीच शेवटी त्या मनुष्याला धरले. शिपायाच्या हाताला टाके पडले, पंचनामा झाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे आल्या, माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला. आठ-दहा दिवसांनी, कोणी नसताना, त्यांनी मला एवढेच विचारले, "बाई, माझा आवाज ओळखला होता का तुम्ही?"

मी "हो" म्हणाले. खोटे बोलणे जमले नाही.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी ह्या प्रश्नाशी झगडत होते, की मी दार उघडायला हवे होते का? पुष्कळांनी माझी समजूत घातली की तुम्ही केले तेच बरोबर. एकदा लावलेले दार थाप ऐकून उघडू नये, हा नियम आहेच, आणि तो खरा आहे. पण त्याने माझे समाधान होईना. पुढे लक्षात आले, की चूक त्या मिनिटात झालीच नव्हती. चूक त्याआधी कित्येक वर्षे रोज होत होती. आमच्यापैकी कोणी कोठे जायचे, हे कधी कोणी ठरवलेच नव्हते; आणि ठरवले असते, तरी त्या यादीत मावशींचे नाव आले नसते.

त्या प्रसंगानंतर कचेरीने काय केले? दर्शनी भागाला एक लोखंडी जाळी बसवली, आणि विषय संपला. मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला, तेव्हा विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले. त्यांच्यामुळे कितीतरी लोक त्या दिशेला आलेच नाहीत. तेच दोघे हल्लेखोर पुढे कामा रुग्णालयात शिरले. तेथे पहिल्या मजल्यावर अंजली कुलथे ह्या परिचारिका रात्रपाळीला होत्या, आणि त्यांच्या कक्षात वीस गरोदर स्त्रिया होत्या. फाटकाशी पहारेकऱ्यांना गोळ्या लागलेल्या त्यांनी खिडकीतून पाहिल्या. त्यांनी कक्षाची जाड दारे लावली, दिवे मालवले, सर्व स्त्रियांना टोकाच्या स्वयंपाकखोलीत नेऊन बसवले. त्यातच एका बाईला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांना येता येईना, तेव्हा कुलथेबाई तिला भिंतीच्या आधाराने जिना चढवून प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे ही हकीगत सांगितली.

आपण अशा स्त्रियांच्या धैर्याला नमस्कार करतो, आणि करायलाच हवा. परंतु त्या हकीगतीत मला आणखी एक गोष्ट दिसली. कक्षाला दार होते, ते आतून लागत होते, आणि आपल्या कक्षात वीस जणी आहेत, हा आकडा कुलथेबाईंना पाठ होता. धैर्य ज्याचे त्याचे असते. ते सरकारी ठरावाने आणता येत नाही. दार, कडी आणि आकडा मात्र आणता येतो.

२००९ च्या सुरुवातीला आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला. प्रथम ते म्हणाले, "बाई, अशाने लोक उगीच घाबरतील." मी म्हटले, "साहेब, लोक घाबरलेलेच आहेत. फक्त काय करावे हे त्यांना ठाऊक नाही." मग एका शनिवारी त्यांनी सर्वांना बोलावले.

आम्ही आधी सारी इमारत फिरून पाहिली. काय आढळले म्हणता? अकरा खोल्यांपैकी सात खोल्यांना आतून कडीच नव्हती! कड्या-कोयंडे सगळे बाहेरून. कारण आमच्या कचेरीने आजवर फक्त कागदांची चिंता केली होती, माणसांची नव्हे. सुताराने दीड दिवसात सर्व दारांना आतून बोल्ट बसवले. एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षाने पाळली. आतला बोल्ट हाताने सरकवला की सरकन उघडला पाहिजे, त्याला किल्ली नको, आणि माणसे आत असताना बाहेरून कुलूप तर कधीच नको. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, तेव्हा बंद वाटांमुळे माणसे अडकली आणि एकोणसाठ जणांचे प्राण गेले. आगीत बाहेर पडायचे असते, हल्ल्यात आत थांबायचे असते; दोन्हींना पुरेल असे दार हवे. म्हणून आम्ही इशारेही निराळे ठेवले. आगीसाठी सतत घंटा, आणि दुसऱ्या संकटासाठी थांबून थांबून तीन ठोके व सोबत स्वच्छ मराठीत आरोळी, "दारे लावा!" गुप्त सांकेतिक शब्द ठेवावा, असे एकाने सुचवले होते. पण कामासाठी आलेल्या खेडूत बाईला तो कसा कळणार?

मग प्रत्येक खोलीसाठी दोन नावे ठरली. एकाने दार लावायचे, दुसऱ्याने माणसे मोजायची. लावणाऱ्याने आधी व्हरांड्यात दोन्हीकडे पाहायचे, जो हाताशी असेल त्याला आत ओढायचे, आणि मगच बोल्ट सरकवायचा. मग थाप पडली तरी उघडायचे नाही. खिडकीपासून दूर, भिंतीच्या कडेला खाली बसायचे. फोनचा आवाज बंद करायचा. एकाने पोलिसांना कळवायचे. आज त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे, तो पाठ असू द्या. आमच्या एका कारकुनाला कुबड्यांवाचून चालता येत नसे. त्याचे टेबल दप्तरखान्याच्या दाराशी हलवले. रांगेतले लोकही आपलेच, असे धरून त्यांना कोणी कोठे न्यायचे हे ठरले.

हे सारे लिहून झाले, तेव्हा मावशी दाराशी उभ्या होत्या. आमच्या सभांना त्या कधी खुर्चीवर बसत नसत. त्या म्हणाल्या, "साहेब, मी दिवसभर व्हरांड्यात असते. माझी खोली कोणती?"

सगळे गप्प झाले. एवढी यादी केली, आणि ती तेव्हाही अपुरीच होती! मावशींना, शिपायाला, चहा आणणाऱ्या पोराला खोलीच नव्हती. मग पाण्याच्या टाकीशेजारची सामानाची लहान खोली रिकामी केली, तिला बोल्ट बसवला, आणि तिच्या दाराची जबाबदारी मावशींच्या नावावर लिहिली. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. त्या थापेला दार उघडावे की उघडू नये, ह्याला चांगले उत्तर नाही. चांगले उत्तर एवढेच, की कोणावर ती थाप मारण्याची पाळी येऊ नये. प्रत्येकाला आधीच एक दार दिलेले असावे.

पहिली तालीम पार फसली. भारनियमनाची वेळ होती आणि आमची घंटा विजेची! तेव्हापासून शाळेत असतो तसा पितळी तास टांगला. दुसऱ्या तालमीत तास झाला, साऱ्या इमारतीत सामसूम झाली. थोड्या वेळाने साहेब स्वतः खोलीखोलीपुढे जाऊन ठरलेला शब्द सांगत, मग ती खोली उघडे. पाण्याच्या खोलीपुढे आले आणि नेमका शब्द विसरले! आतून मावशींनी विचारले, "शब्द सांगा." साहेब म्हणाले, "मावशी, मी आहे, मी." आतून उत्तर आले, "आवाज ओळखला मी साहेब, पण शब्द सांगा." साहेबांना खिशातला कागद काढून पाहावा लागला. दार उघडले, तेव्हा मावशींबरोबर आत दोन म्हाताऱ्या बाया आणि एक लेकुरवाळी होती. मावशी म्हणाल्या, "चार माणसे आहेत, साहेब. लेकरू धरून पाच."

सारी कचेरी हसली. मीही हसले, पण मावशींनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा आम्हा दोघींनाच एक गोष्ट ठाऊक होती.

आता शेवटचे सांगते. त्या कोयतेवाल्याने केले ते गुन्हाच होते, आणि त्याला शिक्षा झाली ते योग्यच. परंतु तो मनुष्य वर्षभर आमच्या उंबऱ्यावर येत होता, आणि त्याला कोणी खाली बसवून, तुमचे काम ह्या कारणाने अडले आहे, असे नीट सांगितले नव्हते. बोल्ट हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे आलेल्या माणसाला मिळणारे सरळ उत्तर. दोन्ही हवेत. एक आहे म्हणून दुसरे नको, असे म्हणून चालणार नाही.

तेव्हा भगिनींनो, उद्या कामावर गेलात की माझ्यासाठी एवढे करा. आपल्या खोलीचे दार आतून लागते का, पाहा. ते कोण लावील, ठरवा. आत किती माणसे आहेत, हे कोणाला ठाऊक असेल, विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुमच्याकडे खोली नसलेले माणूस कोण आहे, हे शोधा. झाडणारी असेल, पहारेकरी असेल, रोजंदारीवरची मदतनीस असेल. तिला तिचे दार दाखवून ठेवा.

आपल्या ह्या सभागृहालाही दोन दारे आहेत. बोलायला येण्याआधी मी पाहिले. एकाला आतून कडी नाही. मंडळाच्या नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तेवढ्या एका कडीची तरतूद व्हावी, अशी अध्यक्षाबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.