पगार खरा, हिशोब कापलेला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोरडवाहू घरात दोन पोरं असली की एक जिनिंगला जातो. तिथं पट्ट्यात सापडून तो गेला, तर घरी काय येतं? आज तेवढंच मांडतो.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूसाठी सूत्र होतं : महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा आकडा. वय 30 असेल तर आकडा 207.98. पण पगार खरा धरत नसत, सरकारने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच धरत. 31 मे 2010 पासून ही मर्यादा होती 8,000 रुपये. 3 जानेवारी 2020 ला ती 15,000 झाली. आता 20,000 कमावणारा तीस वर्षांचा पोरगा घ्या. 2 जानेवारीला गेला तर घरी 8,31,920 रुपये. दुसऱ्या दिवशी गेला तर 15,59,850. खरा पगार धरला असता तर 20,79,800. साडेनऊ वर्षं बाजारात सगळं वाढलं, हा आकडा तेवढा गोठलेला. आपला हमीभाव कसाही असो, निदान दरसाल जाहीर तरी होतो!

टेक्सास हे आपल्यासारखंच कापूस-ज्वारीचं राज्य. तिथं जखमी कामगाराला साधारणपणे बुडालेल्या मजुरीच्या 70 टक्के मिळतात. वरची मर्यादा राज्याच्या सरासरी आठवडी मजुरीला बांधलेली, दर 1 ऑक्टोबरला नव्याने ठरते. मंत्र्याला आठवण होण्याची वाट बघावी लागत नाही. पण भुलू नका. सरासरी म्हणून धरतात ती खऱ्या सरासरीच्या 88 टक्केच. कायमच्या अपंगत्वाच्या रकमेला त्याच्याही 70 टक्क्यांची मर्यादा. मर्यादा वाढली म्हणून कमी मजुरीवाल्याला दमडी जास्त मिळत नाही, कारण त्याचे 70 टक्के त्याच्याच मजुरीचे. आणि खासगी मालकावर हा विमा काढायची सक्तीच नाही.

आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. तीतही मजुरीचा आकडा केंद्राच्या अधिसूचनेवरच ठेवलाय. तो सरासरीला बांधा, एवढी मागणी ठरावात घाला.

ठरावावर सही करताना एक ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर किंवा यंत्रावर शेतीकाम करणारा मजूर 1923 च्या कायद्यातही होता. मळणीयंत्रात त्याचा हात गेला, तर तिथं मालक म्हणून तुम्हीच उभे असता.