झाकण आणि शिट्टी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात दिलेले भाषण)



आमचा पेशा मास्तरकीचा. गणित आणि विज्ञान शिकविणे ही आमची रोजी. वक्तृत्व हा आमचा प्रांत नव्हे. तथापि ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा हिशेब ठेवणारा संगणकाचा प्रोग्रॅम आम्ही लिहिला व आजवर चालविला, त्याविषयी बोलावे असे चिटणीसांनी सुचविले. महोत्सवात यशाच्या गोष्टी सांगण्याची चाल आहे. आम्ही मात्र आमच्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहोत. ती लक्षात राहिली, तर ट्रस्टच्या पुढल्या पन्नास वर्षांना उपयोगी पडेल.

संगणकाच्या धंद्यात दोन शब्द वारंवार कानांवर येतात. एक ॲब्स्ट्रॅक्शन आणि दुसरा टेलीमेट्री. पहिल्याला पुस्तकी मराठीत अमूर्तीकरण म्हणतात, दुसऱ्याला दूरमापन. शब्द जड आहेत. पण वस्तू आपल्या प्रत्येकाच्या घरी चुलीवर बसलेली आहे. प्रेशर कुकर पाहा. त्याला घट्ट झाकण असते. आत वाफ किती दाटली, तांदूळ कोठवर फुलला, हे दिसत नाही. दिसण्याची गरजही नसते. झाकण आहे म्हणूनच भात लवकर होतो आणि गृहिणीला दुसरे काम करता येते. हे झाकण म्हणजे ॲब्स्ट्रॅक्शन. पण झाकणाबरोबर शिट्टीही असते. बाहेरच्या खोलीत बसलेली गृहिणी शिट्ट्या मोजते आणि तीन झाल्या की उठते. झाकण न उघडता आतली खबर बाहेर देणारी ही शिट्टी म्हणजे टेलीमेट्री. आमचे सारे सांगणे एवढेच आहे की, झाकण लावावे, परंतु शिट्टीवाचून लावू नये.

झाकणाचे महत्त्व मात्र कमी लेखू नका. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांनी १९७२ साली एका प्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले की, मोठा प्रोग्रॅम तुकड्यांत विभागताना जी गोष्ट पुढे बदलण्याचा संभव आहे ती एका तुकड्याच्या पोटात लपवावी. म्हणजे ती बदलली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. आज कोणताही प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य इतरांनी तयार करून ठेवलेल्या शेकडो तुकड्यांवर आपली इमारत उभी करतो. प्रत्येक तुकडा उघडून पाहू म्हणेल तर त्याचे आयुष्य पुरणार नाही.

आमच्या धारला तर ही लपविण्याची कल्पना नवी नव्हे. राजा भोजाच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ म. म. गणपतिशास्त्री यांनी संपादित केला आणि १९२४-२५ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो दोन खंडांत छापला गेला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांचे वर्णन आहे. लाकडी पक्षी, पाण्याची यंत्रे, दारावर पहारा करणारे यांत्रिक द्वारपाल अशा नाना वस्तू त्यात येतात. परंतु ही यंत्रे नेमकी कशी जुळवावी ते ग्रंथकार सांगत नाही आणि त्याचे कारणही देतो. आपण हे अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी वगळले, असे तो म्हणतो. परिणाम काय झाला? वर्णन उरले आणि यंत्रे गेली. पार्नास यांचे झाकण काम सोपे व्हावे म्हणून आहे. भोजाचे झाकण विद्या राखण्यासाठी होते. हेतू कोणताही असो, झाकणाखालची खबर बाहेर येण्याची सोय नसेल तर आत काय होते हे हळूहळू कोणालाच ठाऊक राहत नाही.

आता त्याच धार जिल्ह्यातील आजचे उदाहरण घ्या. पीथमपूरला मोटारींच्या चाचणीचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. मोटार चालविणाऱ्यापुढे चक्र आणि पायाखाली दोनतीन पट्ट्या असतात. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे त्याला कळण्याचे कारण नाही. पण मोटारीची परीक्षा घेणाऱ्याचे एवढ्याने भागत नाही. अशा परीक्षेत गाडीवर ठिकठिकाणी संवेदक बसवितात. चाकाचा वेग, तेलाची उष्णता, ब्रेकवरचा दाब असे आकडे क्षणाक्षणाला नोंदले जातात आणि दूर बसलेला इंजिनिअर ते वाचतो. गाडी मोडून पडण्याआधी तिचे दुखणे त्याला कळते.

हे ज्ञान आमच्यापाशी असते, तर पुढची गोष्ट घडली नसती.

काही वर्षांपूर्वी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची जुनी वही आम्ही संगणकावर चढविली. अर्ज आला की त्याची नोंद व्हावी आणि वर्षाच्या आरंभी पालकांच्या बँकखात्यात रक्कम जमा करण्याची यादी निघावी, अशी योजना होती. नावे जुळवून पाहण्याचे काम किचकट. त्यासाठी आम्ही एक तयार तुकडा घेतला. त्याला नाव द्यावे, त्याने नोंद करावी. तो आत काय करतो, हे आम्ही पाहिले नाही. त्याची रीत अशी होती की, तेच नाव पूर्वी नोंदलेले असेल तर विद्यार्थी तोच आहे असे धरावे आणि जुन्या माहितीच्या जागी नवी भरावी.

त्या वर्षी एकाच नावाच्या दोन मुलींचे अर्ज आले. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे तंतोतंत एक. एक मुलगी देवासची, दुसरी धारची. देवासच्या मुलीचा अर्ज आधी नोंदला गेला. मागून धारच्या मुलीचा आला आणि त्याने पहिलीची नोंद पुसून टाकली. धारच्या घरी रक्कम पोहोचली. देवासच्या घरी काहीच पोहोचले नाही. आमच्या पडद्यावर मात्र अक्षरे उमटली, 'काम यशस्वीपणे पूर्ण झाले'. आम्ही संगणक बंद केला आणि समाधानाने चहा घेतला.

ज्या गावाच्या मुलीवर हा प्रसंग आला, त्या गावाने तरी आम्हांस सावध करावयास हवे होते. देवास हे नाव एक, पण १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत तेथे राज्ये दोन नांदत होती. तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंपासून चालत आलेल्या थोरली पाती आणि धाकटी पाती या दोन शाखा एकाच गावात राज्य करीत. नुसते 'देवास' म्हणून भागत नसे. थोरली की धाकटी, हे सांगावे लागे. ट्रस्टच्या जुन्या वहीतही आमच्या आधीचे कारकून सारख्या नावांपुढे 'धार' किंवा 'देवास' अशी तांबड्या शाईने खूण करीत. त्या खुणेला आम्ही जुनाट रीत समजलो आणि गाळून टाकली. ती खूणच खरी विद्या होती.

देवासच्या त्या मुलीचे वडील मानी गृहस्थ. ट्रस्टने नाकारले, आपण का विचारावे, असे त्यांनी मनाशी धरले आणि कोणाला काही बोलले नाहीत. मुलगी नववी पास होऊन दहावीत जावयाची, ती घरी बसून शिवणकाम करू लागली. वर्ष सरत आले तेव्हा तिची आजी एका लग्नात आम्हांस भेटली. तिने तक्रार केली नाही. तिने इतकेच विचारले, "मास्तरसाहेब, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हणजे तिला सांगता येईल."

त्या रात्री आम्ही प्रोग्रॅम उघडून बसलो. चूक सापडावयास पहाट झाली. कारण प्रोग्रॅमने कसलीही नोंद ठेवली नव्हती. अर्ज किती आले, नोंदी किती झाल्या, रकमा किती गेल्या, एवढे तीन आकडे त्याने शेजारी शेजारी लिहिले असते, तर पहिल्याच संध्याकाळी एकाचा फरक डोळ्यांत भरला असता. कुकरला शिट्टीच नव्हती.

घरोघरी मातीच्याच चुली, असे म्हणतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यात एरियन-४ चा एक जुना, नावाजलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा वापरला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता. त्यावरून निघालेला आकडा १६ बिटांच्या, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या, घरात बसेना. आणि दिशा सांगणारे यंत्र बंद पडले. जोडीला ठेवलेले दुसरे यंत्र याच प्रोग्रॅमवर चालत होते, तेही त्याच कारणाने बंद पडलेले. पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. बंद पडताना यंत्राने आपल्या बिघाडाची खबर पाठविली, पण मुख्य संगणकाने ती खबर उड्डाणाची माहिती समजून अग्निबाण भलतीकडे वळविला. शिट्टी वाजली, पण ऐकणाऱ्याला ती शिट्टी आहे हे कळले नाही. तरीही दूरमापनाने जमिनीवर आलेले आकडे आणि अवशेषांत सापडलेल्या यंत्राची स्मृती यांच्या आधारे चौकशी समितीने जुलै महिन्यातच कारण उघड केले.

आम्ही पुढे काय केले, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक दिला. नावावर भरवसा ठेवला नाही. एकच नाव दोनदा आले तर प्रोग्रॅम थांबतो आणि मनुष्याला विचारतो. रोज संध्याकाळी वरचे तीन आकडे चिटणीसांना जातात आणि फरक असेल तरच सूचना वाजते. प्रथम आम्ही उत्साहाने प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची सूचना लावली होती. पंधरा दिवसांत चिटणीसांनी ती वाचणेच सोडले. सतत वाजणारी शिट्टी आणि न वाजणारी शिट्टी यांत फरक उरत नाही.

दुसरे पथ्य असे की, मोजता येते म्हणून सारेच मोजू नये. कोणाच्या घरात आजार आहे, कोणावर कर्ज आहे, कोणते मूल रात्री किती वाजता मोबाइल उघडते, हे जाणण्याचा ट्रस्टला अधिकार नाही. संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घालून दिली आहे. आपण शिट्टी यंत्रावर लावावी, लेकरांवर नव्हे.

विश्वस्तांनी त्या मुलीची राहिलेली रक्कम त्याच आठवड्यात दिली. आम्ही स्वतः तिच्या घरी गेलो आणि चूक तिची नसून आमची आहे, हे तिला व तिच्या वडिलांना तोंडाने सांगितले. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. रक्कम भरून देता आली, तिचे वर्ष मात्र आम्हांस भरून देता आले नाही. तिच्या मैत्रिणी आज तिच्या एक इयत्ता पुढे आहेत.

म्हणून शेवटी एक विनंती. शिट्टी वाफेची खबर देते, मिठाची देत नाही. आकडे जुळले की सर्व कुशल आहे, असे समजू नये. गेल्या वर्षी ज्यांचा अर्ज होता आणि यंदा आला नाही, अशा प्रत्येक घरी सभासदांपैकी कोणीतरी एकदा जाऊन यावे. फार तर वर्षाला आठदहा घरे होतील. तेथे काही मागू नये, काही लिहून घेऊ नये. पोरीचे कसे चालले आहे, एवढेच विचारावे. आमची चूक शेवटी कोणत्याही यंत्राने पकडली नाही. ती एका आजीने पकडली, आणि तीही लग्नात गाठ पडली म्हणून. पुढल्या पन्नास वर्षांत कोणत्याही आजीला अशी गाठ पडण्याची वाट पाहावी लागू नये, अशी खुदाजवळ प्रार्थना आहे.