कर्नल पॅनिक आणि पंपातलं पाणी

पलूसहून बोलतोय. मागं ब्लोअरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी चालू आहे.

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण लगेच पुढचा भाग लावू नका. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर याच क्षणी तुमच्या हातात लिनक्स कर्नल चालू आहे. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क एका बाजूला आणि तुमची ॲप्स दुसऱ्या बाजूला, मधला सगळा कारभार त्याचा. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये फिनलंडला शिकत असताना तो लिहायला घेतला. त्याचा सोर्स कोड खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, स्वतः कंपाइल करावा.

मीही केला. आणि लॅपटॉप सुरूच होईना.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टीम विषयाचा मिनी प्रोजेक्ट होता: कर्नलमध्ये आपला स्वतःचा एक सिस्टीम कॉल घालायचा. सोमवारी सबमिशन. आम्हा तिघांचा रिपोर्ट, कोड, सगळं माझ्याच लॅपटॉपवर. बॅकअप? नाही. लॅपटॉप घरच्यांनी बेदाण्याच्या पट्टीतून घेतलेला, त्यामुळं 'दुसरा घेऊ' हा प्रश्नच नव्हता.

शनिवारी रात्री कंपाइल लावलं. दोनदा लाइट गेली, बॅटरी उतरली. पण 'मेक' कमांड पुन्हा दिली की झालेलं काम सोडून उरलेलंच करते, त्यामुळं पहाटेपर्यंत उरकलं. रविवारी सकाळी इन्स्टॉल केलं, रिस्टार्ट मारला. काळ्या स्क्रीनवर भराभर ओळी पळाल्या आणि थांबल्या. शेवटी लिहिलेलं: 'कर्नल पॅनिक'. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला.

मी काय केलं? पॉवर बटण दाबून तीन वेळा बंद-चालू. तिन्ही वेळा तेच. मग घाबरून पेनड्राइव्ह शोधायला लागलो, सगळं पुसून नवीन उबुंटू टाकायला. रिपोर्टसकट!

तेवढ्यात काका चहाला आले. काका आयुष्यभर विहिरीवरच्या आणि नदीवरच्या मोटारी दुरुस्त करत आलेत. म्हणाले, "काय झालं रं?"

म्हटलं, "काका, चालू होतोय, पण पुढं जात नाही."

"म्हंजे मोटर फिरतीया पर पाणी उचलंना. आरं मग पाणी कुठवर आलंय ते बघ की आधी. लगेच पाइप उचकटत बसतोस व्हय?"

कॉम्प्युटरमधलं काकांना काही कळत नाही. पण बोलले ते बरोबर होतं.

कॉम्प्युटर एका दमात सुरू होत नाही, टप्प्याटप्प्यानं होतो. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते बूटलोडरला हाक मारतं, लिनक्समध्ये बहुतेक वेळा ग्रब. ग्रब कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल मुख्य डिस्क जोडतो आणि मग बाकीची सिस्टीम उठते. कुठं अडलं यावर दुखणं ठरतं.

ग्रबच्या यादीत नवा कर्नलच दिसत नसेल, तर ग्रबची यादी अपडेट करायची राहिलीय. 'बॅड शिम सिग्नेचर' असं आलं, तर सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर ओळखीची सही नाही. कर्नलवर सही करा, नाहीतर सिक्युअर बूट बंद करा. त्याच मशीनवर विंडोज असेल, तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. कर्नल चालू होऊन पुढं स्क्रीन नुसती काळी राहिली, तर संशय ग्राफिक्सवर. ग्रबमध्ये 'नोमोडसेट' हा पर्याय देऊन बघा.

माझं कुठं अडलं होतं? यावेळी शेवटचं पान शांतपणे वाचलं. 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'. म्हणजे कर्नल आला होता, पण त्याला डिस्कच सापडत नव्हती.

आता इथं एक गंमत आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि बरेच ड्रायव्हर असतात डिस्कवरच! हे कोडं सोडवायला एक छोटी फाइल असते, इनिटरॅमएफएस. गरजेपुरते ड्रायव्हर त्यात बांधलेले असतात आणि ग्रब ती कर्नलसोबतच मेमरीत आणतो.

आमच्याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर वसवलेली, पंपांसाठी नाव असलेली. त्यामुळं इथल्या पोराला हे लगेच कळावं: पंपात हवा असेल तर तो नुसता फिरतो. पाणी उचलायला आधी पंपात पाणी भरावं लागतं. इनिटरॅमएफएस म्हणजे ते आधी भरलेलं पाणी.

माझ्या पंपात पाणीच नव्हतं. का? लॅपटॉप पुन्हा चालू करून एस्केप दाबलं, ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल होता. तो निवडला आणि लॅपटॉप उठला! आधी रिपोर्ट पेनड्राइव्हवर घेतला. मग बघितलं, तर बूटचं पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यानं ते वेगळं आणि लहान होतं. डिबगची माहिती न काढता मॉड्यूल टाकल्यामुळं इनिटरॅमएफएस इतकी फुगली की तिला जागाच पुरली नाही. इन्स्टॉल करताना 'नो स्पेस लेफ्ट' ही ओळ आली होती. मी चहा पीत होतो.

नव्या कर्नलची अर्धवट फाइल काढली. 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' एकवर ठेवून मॉड्यूल पुन्हा टाकले, इनिटरॅमएफएस नव्यानं बनवली, ग्रब अपडेट केला. रिस्टार्ट. यावेळी लॉगिन स्क्रीन आली. सोमवारी सबमिशन झालं.

फोनवर कस्टम कर्नल टाकणाऱ्यांनो, तुमचा बूटलूप याच घरातला. अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये ए आणि बी असे दोन स्लॉट आले. अधिकृत अपडेट दुसऱ्या स्लॉटमध्ये बसतं, तिथून फोन उठला नाही तर जुन्यावर परततो. तुम्ही हातानं काही फ्लॅश करणार असाल, तर फोनची मूळ बूट इमेज आधी कॉम्प्युटरवर ठेवा. आणि लक्षात घ्या, बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला डेटा पुसला जातो.

तर मंडळी, तीन गोष्टी. चालणारा जुना कर्नल कधी पुसू नका. एका वेळी एकच बदल करा. आणि घाबरून फॉरमॅट मारण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, शेवटच्या दहा ओळी सावकाश वाचा. मशीन कुठं अडलंय ते बहुतेक वेळा स्वतःच सांगत असतं. मला ते सकाळपासून सांगत होतं, मी नुसतं बघत होतो.

तुमचा कर्नल कुठं अडलाय ते कळवा, फोटोसकट. भेटू पुढच्या भागात. तोवर, बॅकअप घ्या!